चवळी काही मक्याला जेवू घालत नाही

गेल्या फेब्रुवारीत आमच्या होमस्टेला उतरलेल्या एका बाई सकाळी सकाळी विहिरीकडच्या कुणग्यात (भाताच्या छोट्या तुकड्यात) जाऊन उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "मक्यात ही चवळी आपोआप उगवलीय का हो?" मी तोंड उघडायच्या आत मागून आई (म्हणजे माझ्या सासूबाई) म्हणाल्या, "आपोआप उगवतं ते तण. ही आमच्या सूनबाईने फूटपट्टी घेऊन पेरलीय." हा टोमणा होता की कौतुक ते मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायची हिंमत पण नाही.

त्या बाईंनी नंतर फोटो टाकला आणि तेव्हापासून मला मेसेज येतायत की कसं लावलं, काय अंतर, किती निघालं. प्रत्येकाला वेगळं टाईप करून हात दुखले म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. भात कापून झालंय, झोडणी पण उरकली, पुढच्या आठवड्यात पेरायचंच आहे, म्हणजे माझी पण उजळणी होईल.

आधी जागा सांगते. आम्ही गुहागर तालुक्यात, समुद्रापासून अडीच-तीन किलोमीटर आत. वर कातळ, खाली आंबा-काजू, त्याच्या खाली मळी जमीन, तिथे पावसाळ्यात भात. घाटावरच्या लोकांना हे सांगावं लागतं की आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि तो सगळा चार महिन्यात पडतो, नंतर जानेवारीपासून विहिरीत डोकवायचं आणि उसासा टाकायचा. पावसाळ्यात मळीत मका लावायचा प्रश्नच नाही, पाणी साचलं की मका दोन दिवसात पिवळा पडून बसतो. मका लावायचा तर भातानंतर, थंडीत, विहिरीच्या पाण्यावर. आणि पाणी पुरतं आमच्या जेमतेम सहा गुंठ्यांना. बाकी शेतात वाल आणि कुळीथ, ते जमिनीत उरलेल्या ओलीवर येतात, त्यांना पाणी लागत नाही, कौतुक पण लागत नाही.

मका का, तर साधं कारण. गुहागरच्या चौपाटीवर, वेळणेश्वरला, हेदवीला पर्यटक भाजलेलं कणीस खातात आणि ते कणीस येतं घाटावरून टेम्पोने. आमच्याकडे उतरलेले पाहुणे पण संध्याकाळी कणीस मागायचे आणि आमचे हे बाजारात जाऊन दोन दिवसाची सुकलेली कणसं घेऊन यायचे. मला त्याची लाज वाटायची. आजूबाजूला सगळं शेत, आणि कणीस विकत!

तर पहिल्या वर्षी, 2021 च्या डिसेंबरात, मी यूट्यूबवर व्हिडिओ बघून शेतकरी झाले. व्हिडिओत होतं की अमेरिकेतले मूळचे लोक मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावतात, तीन बहिणी म्हणतात त्याला, मका घेवड्याला चढायला काठी देतो, घेवडा मक्याला नत्र देतो, भोपळा जमीन झाकतो. ऐकून मन इतकं भरून आलं ना. मी आईंच्या डब्यातली घरची वेलाची चवळी काढली आणि मक्याच्या प्रत्येक ठोंबाजवळ त्याच दिवशी दोन-दोन दाणे टोकले. भोपळा पण लावला. शेजारच्या तात्यांनी गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) बघितलं आणि म्हणाले, "अगो, मका म्हंजे घाटावरचं पीक, आणि त्याला परत चवळीचा फास कशाला?"

फासच झाला. चवळी मक्यापेक्षा दुप्पट वेगाने वाढली, तुरे यायच्या आधीच शेंड्यापर्यंत चढली, सगळा मका एकमेकांना बांधला गेला आणि जानेवारीत एका रात्री वारा सुटला त्यात आख्खी ओळ आडवी. मी रडायची बाकी होते. नंतर शांतपणे वाचलं तेव्हा कळलं की ते लोक मका हातभर वर आल्यावर मग घेवडा टोकतात, आणि त्यांचा मका उंच, जाड धाटाचा, दाणे सुकेपर्यंत शेतात उभा राहणारा. माझा आपला स्वीटकॉर्न, नाजूक, पंच्याऐंशी-नव्वद दिवसांत काढून खायचा. परंपरा कॉपी करताना तिची तारीख कॉपी करायला मी विसरले.

आणि त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट झाली जी मला जास्त लागली. आडवी पडलेली चवळी उपटली तर मुळांवर गाठी जवळपास नाहीतच. मी शाळेत शिकले होते की शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी असतात, त्यात रायझोबियम जिवाणू राहतात, ते हवेतला नत्र झाडाला वापरता येईल असा करून देतात. मग माझ्या चवळीला काय धाड भरली होती? तर मीच भरवली होती. पेरताना आणि पुन्हा महिन्याभराने सगळीकडे मुठी मुठीने युरिया फेकला होता, मक्याला लागतो म्हणून. आता गंमत अशी की या जिवाणूंना झाड फुकट पोसत नाही, त्यांना साखर द्यावी लागते, बऱ्यापैकी खर्चिक पाहुणे आहेत. मुळाशी आयता युरिया मिळतोय तर हे पाहुणे कशाला बोलवा, असं चवळी ठरवते आणि गाठीच करत नाही. मी पण तेच केलं असतं.

दुसरं कारण माती. आमची तांबडी जांभ्याची माती आंबट. तपासून घेतली तर सामू (पीएच) 5.4 आला. इतक्या आंबट मातीत हे जिवाणू नीट काम करत नाहीत, शिवाय आपल्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतं, आणि गाठींना स्फुरद तर भरपूर लागतो. मग मी चुना घालायला सुरुवात केली, थोडी चुलीतली राख, आणि होमस्टेमुळे आमच्याकडे तिसऱ्यांच्या (जेवणात करतात त्या मासळीच्या) शिंपल्यांचा ढीग पडतो तो कुटून. शिंपले हळूहळू विरघळतात, एका वर्षात चमत्कार होत नाही, पण टाकून देण्यापेक्षा बरं. (कुटण्याचं काम आमच्या ह्यांचं. रविवारी. ते या पोस्टवर कमेंट करणार नाहीत याची खात्री आहे.)

याच वाचनात चीनमधली एक गोष्ट सापडली, तिथल्या चुनखडीच्या जमिनीत भुईमूग एकटा लावला की लोह न मिळाल्याने पिवळा पडतो आणि मक्याच्या शेजारी लावला की हिरवा राहतो, कारण मक्याची मुळं असं काहीतरी सोडतात ज्याने मातीतलं लोह सुटं होतं. वाचून मला हसू आलं. आपल्याकडे लोहाची कमतरता! पांढरा लेंगा घालून शेतात जा आणि संध्याकाळी बघा. पण मुद्दा असा की कुठलं पीक कुठल्याला काय देतं ते जमिनीवर ठरतं, एका ठिकाणचा फायदा दुसऱ्या ठिकाणी जसाच्या तसा येत नाही.

दुसरं वर्ष फार लिहित नाही, कारण ते माझ्या मूर्खपणाचं आहे. वेलाची चवळी सोडून बुटकी आणली, ओळी केल्या, सगळं छान. खुरपणीला माणूस मिळेना म्हणून दुकानात जाऊन मक्यातलं तणनाशक मागितलं, त्यांनी मक्यातलं दिलं, त्यांची काही चूक नाही, मी चवळीचं नावच काढलं नव्हतं. ॲट्राझिन होतं. ते मक्याला काही करत नाही, रुंद पानाच्या तणांना मारतं, आणि चवळी त्याच्या दृष्टीने रुंद पानाचं तणच. उगवली, चार पानांवर आली, पानांच्या कडा पिवळ्या झाल्या, जळाल्या, संपली. मक्यात कुठलंही कडधान्य घेणार असाल तर ॲट्राझिन त्या शेताच्या आसपास पण नको, एवढं तरी माझ्याकडून शिका. उरलेला मका माकडांनी खाल्ला. त्यावर वेगळी पोस्ट होईल, रागाने लिहिलेली.

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं की आता व्हिडिओ नाही, मोजमाप.

सहा गुंठे होते त्याचे तीन भाग केले. दोन गुंठे नुसता मका, दोन गुंठे नुसती चवळी, दोन गुंठे दोन्ही. माझी लातूरची बहीण आणि भावोजी त्याच आठवड्यात आले होते, भावोजी म्हणाले, "आमच्याकडे ज्वारीत तूर, सोयाबीनमध्ये तूर, आज्यापासून चालू आहे, त्यात प्रयोग काय करायचा?" बरोबर आहे त्यांचं. पण त्यांच्याकडे काळी जमीन, मैलभर सरळ ओळी. माझ्या कुणग्यात ओळ सरळ जाते तोवर बांध येतो.

अंतराचं असं केलं. साधा मका मी 60 सेंटीमीटरच्या ओळीत, दोन झाडांत 20 ठेवून लावते, म्हणजे गुंठ्याला साधारण 840 झाडं. मिश्र तुकड्यात जोडओळ केली, मक्याच्या दोन ओळी 45 वर जवळ आणि मग 75 चा मोकळा पट्टा, मग पुन्हा दोन ओळी. 45 आणि 75 ची सरासरी 60 च होते, त्यामुळे मक्याची झाडं एकानेही कमी होत नाहीत, फक्त ती जरा गर्दी करून उभी राहतात आणि शेजारी जागा मोकळी होते. लोकलमध्ये चौथी सीट करतात तसं. त्या 75 च्या पट्ट्यात चवळीच्या दोन ओळी, पंचवीस-पंचवीसवर. युरिया फक्त मक्याच्या बुंध्याशी, तीन वेळा थोडा थोडा, चवळीच्या पट्ट्यात एक दाणा नाही. चवळीला पेरतानाच शेणखतात मिसळून सुपर फॉस्फेट, स्फुरदासाठी.

चवळी आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची, कोकण सदाबहार. लवकर येते आणि माझ्याकडे तरी बुटकीच राहिली, चढायला गेली नाही. ही मक्यासोबत त्याच दिवशी पेरली. एका कोपऱ्यात मी मुद्दाम दहा दिवस उशिरा पेरून बघितली, पहिल्या वर्षीचा धडा डोक्यात होता ना, पण तो धडा वेलाच्या चवळीचा होता. बुटकी उशिरा लावली तर मका तिच्या डोक्यावर सावली धरतो आणि ती बिचारी मान वर करत लांबुडकी होते, शेंगा नावाला. म्हणजे वेलाची असेल तर मक्याला पुढे जाऊ द्या, बुटकी असेल तर दोघांना बरोबर सोडा.

पंचेचाळिसाव्या दिवशी पुतण्याला घेऊन मिश्र तुकड्यातलं एक चवळीचं झाड खोदून काढलं. उपटायचं नाही हं, गाठी मातीत तुटून राहतात, कुदळीने बाजूने खणून उचलायचं आणि बादलीत हलकेच धुवायचं. गाठी होत्या! मोहरीपासून वाटाण्याएवढ्या. ब्लेडने एक कापली तर आत गुलाबी, अगदी कोळंबी सोलल्यावर दिसते तशी. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद, ऑक्सिजन धरून ठेवतो कारण नत्र बांधण्याच्या कामात मोकळा ऑक्सिजन चालत नाही. आत गुलाबी म्हणजे गाठ कामावर आहे, पांढरी किंवा हिरवट म्हणजे कच्ची किंवा रिटायर. पुतण्या आठवीत आहे, तो म्हणाला काकी म्हणजे झाडाला रक्त आहे. मी म्हटलं परीक्षेत असं लिहू नको.

आणि मग हिशोब. नुसत्या मक्याच्या दोन गुंठ्यांत विकण्यासारखी कणसं निघाली 1,250. मिश्र दोन गुंठ्यांत 1,100. नुसत्या चवळीचे वाळलेले दाणे 14 किलो, मिश्र मधली चवळी 6 किलो.

हे आकडे बघून आई म्हणाल्या, "म्हणजे मका पण कमी आणि चवळी पण कमी. मग मिळवलंस काय?" खरंच दोन मिनिटं मला पण उत्तर सुचेना. याचं उत्तर द्यायला एक सोपं गणित आहे, लँड इक्विव्हॅलंट रेशो म्हणतात, शेतीवाले लोक मिश्र पिकं सहसा यानेच मोजतात. मक्याचं 1,100 भागिले 1,250 म्हणजे 0.88. चवळीचं 6 भागिले 14 म्हणजे 0.43. बेरीज 1.31. अर्थ असा की मिश्र दोन गुंठ्यांतून जे निघालं ते वेगवेगळं पिकवायचं तर मला दोन गुंठे बासष्ट शतांश म्हणजे अडीच गुंठ्याच्या वर जागा लागली असती. बेरीज एकच्या खाली आली असती तर आईंचं बरोबर होतं. हे एकाच हंगामाचं आहे, एकाच शेताचं आहे, आणि माकडांनी कुठल्या तुकड्यात किती खाल्लं त्याची पावती त्यांनी दिलेली नाही, त्यामुळे 1.31 कोणी ब्रह्मवाक्य समजू नका.

आता शीर्षकातला मुद्दा. जिथे तिथे लिहिलेलं असतं की कडधान्य मक्याला नत्र पुरवतं. मी पण त्याच भरवशावर उतरले होते. पण त्याच हंगामात चवळीच्या मुळांतून मक्याला थेट मिळणारा नत्र फार थोडा असतो. चवळी कमावते ते स्वतःसाठी, आपलं पान, आपली शेंग. मक्याला फायदा होतो तो वेगळाच, चवळी आपलं जेवण हवेतून करत असल्यामुळे मातीतल्या नत्रात वाटा मागत नाही, तेवढा मक्याला राहतो. म्हणजे शेजारीण डबा देत नाही, पण आपल्या डब्यात हात पण घालत नाही. याच भरवशावर मक्याचा युरिया निम्मा केला तर कणसं बारीक राहतात, मी दोन ओळीत करून बघितलंय.

खरा नत्र मागे राहतो तो पाला, मुळं आणि गाठी कुजल्यावर, पुढच्या पिकाला. तिथेही एक ग्यानबाची मेख आहे. दाणे वाळवून काढले तर नत्राचा मोठा हिस्सा दाण्यातूनच घरी येतो, डब्यात जातो, उसळ होते. जमिनीला जास्त द्यायचं असेल तर हिरव्या शेंगा तोडायच्या आणि झाड तिथेच गाडायचं. आणि आपल्याकडे फेब्रुवारीत काढलेलं पीक आणि जुलैतली भातलावणी यात चार-पाच महिने जातात, उन्हात वाळतं, मग पहिल्या पावसाच्या लोंढ्यात किती वाहून जातं कोण जाणे. तरी यंदा त्या दोन गुंठ्यांत मी भाताला युरियाचा दुसरा हप्ता दिला नाही आणि भात बाकीच्या कुणग्यांइतकंच हिरवं होतं. तात्यांनी पण गडग्यावरून बघून मान हलवली. त्यांच्या मानेला मी दापोलीच्या सर्टिफिकेटइतकी किंमत देते.

तर मग नत्रासाठी नाही तर हे कशासाठी करायचं? माझ्या मते कोकणात कारण वेगळं आहे आणि ते कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत. आपल्याकडे जमीन कमी पडते म्हणून अडत नाही, पडीक कुणगे बघा किती आहेत. अडतं ते पाण्यावर आणि राखणीवर. भात कापलं की गुरं मोकाट सुटतात, ही जुनी रीत, कोणाला दोष देण्यात अर्थ नाही, पण भातानंतर काहीही हिरवं ठेवायचं तर वई (काट्याकुट्यांचं कुंपण) घाला, गडगा डागडुजी करा, बेडं (फाटक) रोज संध्याकाळी लावा. रात्री रानडुक्कर, पहाटे साळिंदर, दिवसा माकडं आणि वानर, दाणा भरायला लागला की पोपट. मी सौर कुंपणाची तार घातली तेव्हा जो खर्च आला तो नुसत्या कणसांतून काढायला मला किती वर्षं लागली असती ते मी मोजलंच नाही, झोप उडाली असती. पण तार दोन गुंठ्यांना लागते, त्यात एक पीक आहे की दोन याच्याशी तारेला देणंघेणं नाही. मोटर तेवढीच चालते. पाण्याच्या पाळ्या तेवढ्याच, पाणी अंमळ जास्त लागतं कारण पिणारी तोंडं वाढली, पण चवळीने जमीन झाकल्यामुळे ऊन मातीवर पडत नाही आणि ओल टिकते. खुरपणी दोनच्या जागी एक झाली. राखणीला बसणारा माणूस (म्हणजे मी, हातात डबा आणि पळी) एकच. एका कुंपणात, एका विहिरीवर, एका राखणीत दोन पिकं. मला 1.31 पेक्षा हे जास्त पटतं.

बरं, हे सगळं आपण नवीन करतोय असं पण नाही. भाताच्या बांधावर तूर लावायची पद्धत आमच्या सासऱ्यांच्या वडिलांपासून आहे. जूनमध्ये टोकतात, चिखलात पाय न ठेवता बांधावर बसते, आधी हळूहळू वाढते आणि भाताला त्रास देत नाही, भात ऑक्टोबरात कापलं की मग मोकळ्या उन्हात हातपाय पसरते. आफ्रिकेत मलावीमध्ये मक्यात तूर लावतात ती नेमकी याच हिशोबाने, एक घाईचा, एक सावकाश, दोघांची भूक वेगवेगळ्या महिन्यात. माझ्या मका-चवळीत हे जमत नाही कारण दोघंही घाईचे आहेत, म्हणून तर चवळी 14 ची 6 झाली.

किडींबद्दल पण विचारतात. अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये कर्नाटकात शिवमोग्याला भारतात पहिल्यांदा सापडली आणि तेव्हापासून मका लावणाऱ्याची सकाळ पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) डोकावण्याने सुरू होते. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली की समजायचं, अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडे चार ठिपके चौकोनात. केनियात एक पद्धत आहे, मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाचं शेंगवर्गीय गवतासारखं झुडूप आणि शेताच्या कडेने नेपियर गवत, डेस्मोडियमच्या वासाने पतंग आतून पळतात, नेपियरकडे ओढले जातात. वर डेस्मोडियमच्या मुळांमुळे टारफुला पण मरतो, ज्वारीवाल्यांना माहीत असेल हे तण. नैरोबीच्या इसिपे संस्थेत हे झियाउर खान या आपल्या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने उभं केलं. पण चवळीला असा वास नाही, त्यामुळे चवळी लावली म्हणून लष्करी अळी आली नाही असं मी म्हणणार नाही, आली, मी चिमटीने वेचली. एक मात्र बघितलं, चवळीवर मावा आला, माव्यामागे तो खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) आले, आणि नंतर मक्याच्या तुऱ्यावर मावा दिसला तेव्हा ढालकिडे आधीच हजर होते.

त्रास पण सांगते. मिश्र तुकड्यात चवळीच्या शेंगा तोडणं म्हणजे शिक्षा आहे. मक्याची पानं हातावर, गालावर सपासप घासतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून उन्हात वाकायचं. आईंनी एकदाच तोडल्या आणि जाहीर केलं की मला कुळीथ बरा. यंदा पट्टा 75 चा 90 करावा आणि जोडओळ 30 वर आणावी का, असा विचार चालू आहे, सरासरी तीच राहते पण मका फार गर्दीत जातो, बघते एका तुकड्यात.

आणि ज्याचा मी विचारच केला नव्हता तो फायदा म्हणजे वैरण. स्वीटकॉर्नची कणसं तोडल्यावर धाटं हिरवीच असतात. आमच्याकडे गुरांना वर्षभर पेंढा आणि पेंढाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरवं काही दिसत नाही. मक्याची धाटं आणि चवळीचा थोडा पाला एकत्र कापून तात्यांच्या म्हशीला आठवडाभर घातला. निम्मा पाला गाडला, निम्मा म्हशीला, यावरून माझ्याच मनात भांडण आहे, कारण म्हशीला दिला की जमिनीचं गेलं. पण शेण परत येतं. तात्या रोज सकाळी न सांगता अर्धा लिटर दूध पायरीवर ठेवून जायचे आणि म्हशीला मका घाटावरचा की खालचा याबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत.

खाण्याचं पण जाता जाता. मक्याच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, कडधान्यात ते भरपूर, कडधान्यात मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी पडतं ते धान्यात मिळतं. म्हणून जगभर जिथे मका तिथे घेवडा आणि आपल्याकडे भाताबरोबर कुळथाची पिठी, भाकरीबरोबर डाळिंब्यांची उसळ. पाहुण्यांना मी कणसाचे दाणे आणि ओल्या चवळीचे दाणे एकत्र, ओलं खोबरं घालून उसळ करून घातली, पातेलं घासून खाल्लं. नाव विचारलं तर मी सांगितलं कुणग्यातली उसळ. आता तेच नाव पडलंय.

यंदा चौथं वर्ष. मका आणि चवळी चार गुंठे एकत्रच, एक गुंठा मका आणि भुईमूग, एक गुंठा मका आणि आईंचा वाल. वालाची मुळं खोल जातात आणि तो सावकाश येतो, तुरीसारखा, म्हणून मला त्याच्याकडून आशा आहे, पण वालाला जास्त पाणी आवडत नाही आणि मक्याला हवं असतं, त्यामुळे कदाचित दोघांचं पटणार नाही. आईंनी डब्यातला वाल मोजून दिलाय, "परत हवा" म्हणून.

काल बी काढून ठेवलं. चवळीला रायझोबियम लावायचं, 250 ग्रॅमचं पाकीट दहा किलो बियाण्याला होतं, गुळाच्या पाण्यात कालवून बियांना चोळायचं आणि सावलीत सुकवायचं, उन्हात नाही, ते जिवंत असतं. पाकीट गेल्या वर्षीचं फ्रीजमध्ये होतं, आमच्या ह्यांनी त्यावर बघून वाचलं, मुदत ऑगस्टमध्ये संपली. आता दापोलीला कोणी जाणारं आहे का बघतेय, शुक्रवारच्या आत. कोणी जात असेल तर मेसेज करा, बदल्यात कणसं देईन, फेब्रुवारीत, माकडांनी ठेवली तर.